दुखरा दिवस जिथे निभावेल अशी जागा

इंदूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून सांगते. वय ४८. सात वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात. घरात सगळे आमवात म्हणतात. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सकाळी स्टेरॉइडची लहान गोळी चालू आहे. सकाळी दीड-दोन तास हाताची बोटं उघडत नाहीत. मागच्या डिसेंबरात सगळं घर राजस्थानला गेलं. तिसऱ्या दिवशी उदयपूरला त्यांना पलंगावरून उठवेना, म्हणून त्या खोलीत थांबल्या आणि बाकीचे फिरायला गेले. परत आल्यावर पंधरा दिवस अंथरुण धरलं. आता त्यांना चार-पाच दिवस कुठेतरी शांत राहून यायचं आहे. यजमान म्हणतात, उज्जैन-ओंकारेश्वर करून येऊ. वहिनी एका निसर्गोपचार शिबिराचा आग्रह धरून बसल्या आहेत, तिथे म्हणे गोळ्या सुटतात. मैत्रीण विपश्यनेला चल म्हणते. देवासची धाकटी बहीण कुठेही सोबत यायला तयार आहे. जवळ पंचवीस-तीस हजार आहेत. त्यांचे प्रश्न दोन: "अशी कोणती जागा आहे जिथे गेल्यावर मला बरं वाटेल? आणि घर सोडून स्वतःपुरतं जाणं हा स्वार्थ तर नाही ना?"

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. "माझ्यामुळे सगळ्यांचा विरस झाला." हे घरातलं कुणी तोंडाने बोललं का? तुम्हीच लिहिलंय की मुलाने दिवसभर फोटो पाठवले, संध्याकाळी यजमान तुमच्यासाठी गरम दूध घेऊन आले, आणि सासूबाई म्हणाल्या, "उद्या मीपण इथेच थांबते, माझेही गुडघे बोलायला लागलेत." यात विरस झालेलं माणूस मला तरी सापडलं नाही. बंद खोलीत, खिडकीतून शेजारच्या इमारतीचा जिना बघत दिवस काढला की मन असे हिशेब मांडतं. एकदा यजमानांना सरळ विचारून बघा. उत्तर काय येतं ते कळेपर्यंत हे ओझं तुमचं धरू नका.

आता पहिला प्रश्न. "गेल्यावर बरं वाटेल" अशी जागा तुम्ही शोधताय, म्हणजे बरं करण्याचं काम जागेवर सोपवताय. पण आजार मुक्कामाला तुमच्याबरोबरच येणार. हात सकाळी काश्मीरमध्येही दोन तास आखडलेलेच असतील. तुमचा थकवासुद्धा नुसत्या कामाचा नाही, या आजाराचाच एक भाग आहे. तो चार रात्रींच्या झोपेने फिटत नाही. म्हणून प्रश्न थोडा फिरवून विचारते: तुमचा वाईट दिवस कुठे बरा जाईल?

आपल्याकडे सहल आखतात ती चांगला दिवस धरून. साडेसहाला चहा, सातला नाश्ता, आठला गाडी दारात. तुम्ही उलट्या बाजूने आखा. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत पलंगावरून उतरता आलं नाही, तर पडल्या पडल्या काय दिसेल? चहा कोण आणून देईल? बाथरूम किती पावलांवर असेल? बाहेर बसायला सावलीतली खुर्ची असेल का? याची उत्तरं चांगली आली की जागा चांगली. उदयपूरमध्ये काही खोट नव्हती. तुमच्या वाट्याला आलेली खोली दुखरा दिवस काढण्याजोगी नव्हती, एवढंच.

या कसोटीवर घरच्यांच्या सूचना घासून बघू.

यजमानांच्या मनात माया आहे, पण उज्जैन-ओंकारेश्वर ही विश्रांती नव्हे. २०२२ च्या ऑक्टोबरात महाकाल मंदिराभोवतीचा 'महाकाल लोक' हा नवा परिसर खुला झाल्यापासून उज्जैनची गर्दी फार वाढली आहे. रांग, आणि फरशीवरून अनवाणी चालणं. या आजारात तळपायाचे लहान सांधेही धरलेले असतात, त्यांना ती फरशी सोसत नाही. ओंकारेश्वरला पूल आणि पायऱ्या चुकत नाहीत. दर्शनाला जरूर जा, उज्जैन इंदूरहून पंचावन्न किलोमीटर तर आहे. पण तो वेगळा दिवस ठेवा. गर्दीचा सोमवार, श्रावण, अमावास्या टाळा आणि व्हीलचेअर मागून घ्या. दर्शन आणि विश्रांती एकाच गाडीत कोंबली की दोन्ही हुकतात.

विपश्यनेचं केंद्र इंदूरलाच आहे, धम्म मालवा. त्या साधनेबद्दल मला आदर आहे, म्हणूनच विश्रांती म्हणून तिकडे जाऊ नका असं सांगते. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे चारला घंटा, दिवसाकाठी दहाएक तास बैठक, संध्याकाळी नव्या साधकाला चहा आणि फळं. ते कष्टाचं काम आहे. खुर्चीवर बसायची सोय करतात, आणि प्रवेशाच्या अर्जात आजार विचारतात, तो खरा लिहायचा असतो. पुढे कधी आजार ताब्यात असताना, डॉक्टरांशी आणि केंद्राशी आधी बोलून, साधना म्हणून जा.

वहिनींच्या शिबिराबद्दल मात्र मला कळकळीने बोलायचंय. निसर्गोपचाराची परंपरा आपल्याकडे जुनी आणि सचोटीची आहे. उरुळी कांचनचा आश्रम गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केला. साधं जेवण, लवकर झोप, वाफ, मोकळी हवा यांनी माणसाला हुशारी वाटते, त्यात वावगं काही नाही. वावगं आहे ते "गोळ्या सुटतील" हे आश्वासन. मेथोट्रेक्सेट दुखणं दाबायची गोळी नाही. सांधा आतून झिजू नये म्हणून ती असते, आणि एकदा झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. स्टेरॉइडचं त्याहून कठीण. बरेच दिवस बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड कमी बनवू लागतं. मग एक दिवस एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत वेळ येते. ते कमी करायचं असेल तर डॉक्टरच पायरीपायरीने करतात. त्यात उपवास आला की रिकाम्या पोटी दुखण्याच्या गोळ्या आल्या, म्हणजे पोटाचं दुखणं वेगळं. कोणत्याही शिबिरात नाव घालण्याआधी फोनवर एकच विचारा: "माझी औषधं जशीच्या तशी चालू राहतील ना?" उत्तर देताना समोरचा घुटमळला तर फोन ठेवून द्या. पुडीतली बिननावाची भुकटी कुणी दिली तर घेऊ नका. तिच्यात काय आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि मेथोट्रेक्सेटमुळे यकृतावर आधीच लक्ष ठेवावं लागतं.

मालिशच्या पॅकेजचंही तेच. सुजलेला, गरम लागणारा सांधा चोळायचा नसतो. जाणता वैद्यही आमवात भरात असताना तेल लावत नाही, वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक देतो. "फुल बॉडी ऑइल मसाज मोफत" दिसलं की आपल्याला तो नको, हे आधीच सांगून टाका.

"मग चार दिवस माहेरी जा" असं कुणी म्हणेलच. माहेरी माया असते, विश्रांती असतेच असं नाही. बघायला माणसं येतात. प्रत्येकाकडे एक काढा असतो, कुणाची तरी नणंद कशाने तरी ठणठणीत बरी झालेली असते, आणि आपल्याला उठून बसून हसत ऐकावं लागतं. तुमच्या पत्रावरून वाटलं की तुम्हाला हवंय ते हेच: चार दिवस कुणाला "आता कसं वाटतंय" याचं उत्तर द्यावं लागू नये. ते मागण्यात गैर काही नाही.

माझं मत विचाराल तर महेश्वर. इंदूरहून नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. मानपूरनंतर घाट उतरून गुजरी, धामनोद, की आलंच. लांबचा प्रवास नाही ही मोठी जमेची बाजू. अगदीच बिनसलं तर दोन-अडीच तासांत आपल्या घरी, आपल्या डॉक्टरांकडे. आणि गाव असं की काही न करता दिवस जातो. नर्मदेचं पात्र समोर, किल्ल्यात अहिल्याबाईंचा साधा वाडा, त्यांची गादी. इंदूरच्या मराठी माणसाला तिथे परकं वाटत नाही. वाड्यात सकाळी मातीची इवली शिवलिंगं घडवून पूजतात आणि नर्मदेत सोडतात. जमलं त्या दिवशी जाऊन बसा, नाही जमलं तर नाही. मागावर साडी विणताना बघायला उभं राहावं लागत नाही, स्टूल मागा, देतात.

पण महेश्वर म्हणजे घाट आणि घाट म्हणजे पायऱ्या. किल्ल्यावरून नदीपर्यंतचा उतार तुमच्या गुडघ्यांना, पावलांना जड आहे. म्हणून खोली अशी घ्या की नदी वरूनच दिसेल, मग खाली उतरण्याची सक्ती राहत नाही. एखादी संध्याकाळ हात धरून उतरायचं आणि नावेत बसायचं ठरवलंत तर त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. आणि एक सांगते, श्रद्धा दुखावण्यासाठी नाही: नर्मदेचं पाणी डोळ्यांना लावा, आचमन करू नका. तुमच्या औषधाने प्रतिकारशक्ती खाली ठेवलेली असते. घाटावरची पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं, उघडी चटणी यांनाही याच कारणाने हात जोडा. तिथे असताना ताप आला तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. महेश्वर निमाडात येतं, मालव्यात नव्हे. मालव्यातल्या संध्याकाळचा गारवा तिथे मार्चनंतर मिळणार नाही, उन्हाळा भाजून काढतो.

मांडूला लोक पावसाळ्यात जातात. हिरवंगार असतं, पण रविवारी गाड्यांची रांग लागते, जहाज महाल काय नि रूपमतीचा मंडप काय, चढ आहेच. ढगाळ, दमट हवेत सांधे जास्त आखडतात असं पुष्कळांचं म्हणणं असतं; तुमचं तसं होतं की नाही हे तुम्हालाच माहीत. पचमढी सुंदर आहे, पण पिपरियापर्यंत रेल्वे, पुढे पन्नासेक किलोमीटर घाटाचा रस्ता, आणि थंडीत रात्री फार गारठा. पहिल्या खेपेला नको.

खोली फोटो पाहून घेऊ नका, फोन करा. तळमजला आहे का, की लिफ्ट "आहे पण बंद आहे"? कमोड आहे का, शेजारी धरायला काही आहे का? पहाटे सहाला गरम पाणी येतं, की बंब आठला पेटतो? तुमच्यासाठी हे फार महत्त्वाचं, कारण गरम पाण्यात हात बुडवल्यावर बोटं लवकर सुटतात. पलंग किती उंच? गादी थेट जमिनीलगतच्या चौथऱ्यावर असेल तर दिसायला छान, उठायला छळ. आणि नळ. गोल पिळायचा की वर उचलायचा? हा प्रश्न ऐकून समोरचा बुचकळ्यात पडेल. पण सकाळी सहाला, मूठ वळत नसताना, ओल्या हाताने गोल नळ उघडून बघितलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. बाथरूमचा छोटा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मागवा, बरेच जण पाठवतात. शेवटी एवढं विचारायला विसरू नका: "त्या तारखांना तुमच्या लॉनवर लग्न आहे का?" लग्नसराईत रात्री बारापर्यंत डीजे वाजला तर बाकीची सगळी तयारी पाण्यात. मध्य प्रदेश पर्यटन विभागाची हॉटेलं महेश्वर, मांडू, पचमढी तिन्हीकडे आहेत. तिथेही हे सगळं विचारूनच खोली घ्या.

सामानात लहान लहान गोष्टी घ्या. सीलबंद पाण्याच्या बाटलीचं झाकण तुम्हाला उघडत नाही असं लिहिलंय, तर नळीचा किंवा दाबून उघडायचा सिपर न्या. जाड मुठीचा चमचा न्या. घरची उशी न्या, कोण काय म्हणेल याचा विचार नको. औषधं हातातल्या पिशवीत, डिकीत नाही. दोन दिवसांची जास्तीची घ्या आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो बहिणीच्या फोनमध्येही ठेवा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, याची तिला नीट कल्पना द्या, कारण परगावी गडबडीत ते रोज घेतलं गेलं तर जीवावर बेतू शकतं. डोसच्या दुसऱ्या दिवशी तुम्हाला मळमळतं ना? मग निघायचा वार त्यानंतरचा धरा.

गाडीत तासाभराने थांबून पाच मिनिटं चाला. एका जागी बसूनही सांधे धरतात. तिथे पोचल्यावर दिवसभर नुसतं पडूनही राहू नका; ओसरीत चार फेऱ्या, हाताचे रोजचे व्यायाम चालू ठेवा. दिवसात बाहेरचं एकच काम. सगळ्यात मोठा मोह असतो तो चांगल्या दिवशी. "आज बरं वाटतंय तर मंडलेश्वरही उरकून घेऊ." राजस्थानच्या पहिल्या दोन दिवसांत तुमचं हेच झालं होतं, तुमच्याच पत्रात आहे. बरं वाटतंय त्या दिवशीही ठरलेल्यापेक्षा जास्त करू नका, ही अट बहिणीला सांगून ठेवा. तिने तुम्हाला अडवायचं.

सोबत बहिणीचीच बरी. पहिल्या वेळी एकटं जाण्यात मला शहाणपण वाटत नाही. पण तिच्याशी निघण्याआधी बोलून घ्या: सकाळी साडेआठपर्यंत मला हाक मारू नकोस, तुला फिरायचं असेल तर खुशाल फिरून ये, आणि मी गप्प बसले तर मी रागावलेली नाही. ज्याला शेजारी नुसतं बसता येतं असा माणूस सोबतीला लागतो. तो तुमच्याकडे आहे, हे तुमचं भाग्य.

पैसे अंतरावर घालवू नका, सोयीवर घाला. बसऐवजी घरापासून घरापर्यंत टॅक्सी, नदीकडची खोली, नाश्ता खोलीत. शनिवार-रविवार सोडलात तर तुमच्या रकमेत दोघींचं सहज बसेल. चार दिवस मोठे वाटत असतील तर दोन रात्री राहून बघा.

इतर आजारांच्या वाचकांचीही पत्रं असतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. इन्सुलिन किंवा फ्रिजमधली इंजेक्शनं असतील तर ती गोठता कामा नयेत. हॉटेलच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवा, उन्हात उभ्या गाडीत सोडू नका, विमानात हातातल्या बॅगेत घ्या. डायलिसिस चालू असेल तर आधी मुक्कामाच्या गावी वेळ ठरवा, मग तिकीट काढा. दमा असेल तर जुन्या वाड्यातल्या खोलीला ओल आहे का आणि रोज धूप घालतात का ते विचारा. रेल्वेने लांब जाणाऱ्या ४५ वर्षांवरच्या बायकांना खालच्या बर्थचा कोटा आहे, तिकीट काढतानाच घ्या. विमानतळावर व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवा. धडधाकट दिसता म्हणून कुणी वळून बघेल. बघू दे.

राहिला स्वार्थाचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की सासूबाईंची औषधं, यजमानांचा डबा, येणारं-जाणारं सगळं तुम्हीच बघता, दुखऱ्या हातांनी. चार दिवस डबा बाहेरून आला तर घराचं काही बिघडणार नाही, आणि सासूबाईंच्या गोळ्या यजमानांना एकदा कळल्या तर पुढे कधी तुम्ही इस्पितळात असलात तर ती माहिती कामी येईल. जाण्याची परवानगी मागू नका. तारखा सांगा, आणि मागे कोण काय करेल ते त्यांच्याबरोबर बसून ठरवा. "आजारी बाई फिरायला कशी गेली" असं शेजारून कुणी म्हणालं तर त्याला उत्तर द्यायचं काम यजमानांकडे द्या. ते करतील असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. ज्यांनी न सांगता दूध आणलं, त्यांना स्पष्ट सांगितलेलं कामही जमेल.

आता तारीख. संक्रांतीचं हळदीकुंकू तुमच्याकडे मोठं असतं, पंचवीस-तीस बायका येतात, आणि नंतर तुम्ही दोन दिवस उठत नाही असं लिहिलंय. यंदा वाण आणि तिळगूळ बाहेरून आणा, भिजवलेले हरभरे आणि ओटी भरायचं काम पुतणीकडे द्या, तुम्ही खुर्चीवर बसून हळदीकुंकू लावा. त्यानंतर लगेच निघू नका. रथसप्तमी आणि नर्मदा जयंती एकाच तिथीला येतात, त्या दिवशी महेश्वरचा घाट माणसांनी फुललेला असतो. ती गर्दी ओसरू द्या. तिथून महाशिवरात्रीपर्यंत तीनेक आठवडे मिळतात, हवाही तेव्हा बरी असते. त्यातला एखादा सोमवार ते गुरुवार धरा, महाशिवरात्रीला टेकू नका, आणि परतल्यावरचे शुक्रवार, शनिवार, रविवार कॅलेंडरवर आत्ताच रिकामे म्हणून लिहून टाका. त्या तीन दिवसांतही डबा बाहेरूनच येऊ दे.